आम्लयुक्त पाऊस आणि मातीतले जड धातू : नळीत करून पाहायचा प्रयोग आणि त्यानंतर वाफ्यात करायची कामं

पावसाळा लागला की ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये, विशेषतः गच्चीवर किंवा तळमजल्याच्या वाफ्यात पालक-माठ लावणाऱ्यांमध्ये, एक शंका हमखास निघते : इथला पाऊस आम्लयुक्त असेल, तर त्यामुळे शिसं-कॅडमियम आपल्या भाजीत उतरतं का? शंका रास्त आहे. एका बाजूला दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेली टीटीसी औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला खाडी, खाडीपलीकडे चेंबूर-ट्रॉम्बेचा कारखान्यांचा पट्टा. त्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे तिकडूनच इकडे वाहतो.

उत्तर शोधताना मात्र बहुतेकांची नजर आभाळाकडेच राहते. पाऊस स्वतःबरोबर धातू आणतो ते थोडेच. त्याचं मुख्य काम म्हणजे मातीला आधीच चिकटून बसलेला धातू सोडवणं, आणि तो किती सुटेल हे माती ठरवते. म्हणून महागड्या तपासणीवर पैसे घालण्याआधी आपली माती किती आम्ल पचवू शकते ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. ते बघायची सगळी रीत खाली दिली आहे. अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या प्रकल्पासाठी ती जशीच्या तशी वापरता येईल. ज्यांना फक्त भाजी लावायची आहे त्यांनी नळीचा भाग वगळून थेट शेवटच्या भागाकडे गेलं तरी चालेल.

धातू सुटतो म्हणजे काय होतं

शुद्ध पावसाचा सामू (पीएच) ७ नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू साधारण ५.६ वर येतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यामुळे गंधकाम्ल आणि नत्राम्ल तयार झालं की सामू त्याखाली उतरतो, आणि त्याला आपण आम्लवर्षा म्हणतो. सामूची मोजपट्टी दसपटीची असते. ५ चा ४ झाला म्हणजे आम्लाचे हायड्रोजन आयन दहापट झाले.

मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर ऋणभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, कॅडमियम हे धनभारित आयन तिथे धरलेले असतात. हायड्रोजन आयन आले की ते यांची जागा घेतात आणि हे पाण्यात उतरतात. काही धातू कार्बोनेटच्या रूपात असतात, ते आम्लात सरळ विरघळतात. काही लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकलेले असतात, ते अधिक तीव्र आम्लाशिवाय किंवा पाणी साचून प्राणवायू संपल्याशिवाय सुटत नाहीत. आणि काही खडकाच्या कणाच्या आतच असतात. कितीही पाऊस पडला तरी आपल्या हयातीत ते बाहेर येणार नाहीत.

सगळे धातू एकदम सुटत नाहीत, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. मातीचा सामू ६.५ च्या खाली गेला की कॅडमियम हलायला लागतं. जस्त ६ ते ५.५ च्या सुमारास, निकेल ५.५ च्या सुमारास. तांबं ४.५ पर्यंत बऱ्यापैकी धरून राहतं. शिसं तर ४ च्या आसपास आल्याशिवाय फारसं जागचं हलत नाही. हे आकडे ढोबळ आहेत, मातीगणिक पुढेमागे होतात, पण क्रम सहसा हाच राहतो. म्हणजे ज्या शिशाला सगळे घाबरतात ते मातीत सगळ्यात स्थिर, आणि ज्याचं नावही घरात घेतलं जात नाही ते कॅडमियम सगळ्यात आधी निघतं. सामू ५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियमही विरघळू लागतं. ते जड धातूंत मोडत नाही, पण मुळांची टोकं तेच जाळतं.

आर्सेनिक आणि सहासंयुजी क्रोमियम यांचं गणित उलटं आहे. ते ऋणभारित रूपात असतात, त्यामुळे आम्लधर्मी मातीत घट्ट राहतात आणि चुना टाकून सामू वाढवला की सुटतात. जिथे या दोघांची शंका आहे तिथे डोळे मिटून चुना ओतू नये.

एका पावसाळ्याचं आम्ल म्हणजे किती?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर २,५०० लिटर पाणी. आता वाईटात वाईट धरू : प्रत्येक थेंबाचा सामू ४ आहे. प्रत्येक लिटरमध्ये ०.०००१ मोल आम्ल, म्हणजे पूर्ण पावसाळ्यात ०.२५ मोल. ते मारायला लागणारी चुनखडी १२.५ ग्रॅम. दोन-तीन चहाचे चमचे, तेही एक चौरस मीटरला, अख्ख्या हंगामात! सामू ५ असेल तर याचा दहावा भाग.

आता दुसरी बाजू. एक किलो अमोनियम सल्फेट खत मातीत जेवढं आम्ल तयार करतं ते मारायला सुमारे १.१ किलो चुनखडी लागते. म्हणजे एका चौरस मीटरला ११-१२ ग्रॅम अमोनियम सल्फेट टाकलं की सामू ४ च्या एका पूर्ण पावसाळ्याइतकं आम्ल आपणच घातलं. वाफ्यात मूठभर खत फेकणाऱ्याने आधी आपल्या मुठीकडे बघावं असं मी त्यामुळेच म्हणतो.

मग आम्लवर्षेची काळजी सोडून द्यायची का? तसंही नाही. ज्या मातीत चुना मुळातच नाही, सेंद्रिय पदार्थ कमी आहे आणि अडीच हजार मिलिमीटर पाणी दरवर्षी कॅल्शियम धुऊन नेतं, तिथे हे थोडं थोडं आम्ल वर्षानुवर्षं साठत जातं. कोकणातली लाल जांभ्याची माती नेमकी अशीच आहे. आणि कुंडीत माती इतकी कमी असते की दोन चमचे चुनखडीचा फरकही तिथे मोठा ठरतो.

पहिलं काम : पाऊस पकडणं

रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा टब किंवा डबा घ्या. धातूचा नको. साबणाने धुऊन, नळाच्या पाण्याने खळबळून, शेवटी तीनदा डिस्टिल्ड वॉटरने धुवा. गच्चीवर स्टुलावर ठेवा, पाण्याची टाकी, झाड आणि भिंत यांपासून लांब. झाकण पाऊस सुरू झाल्यावरच काढायचं. आधी उघडं ठेवलं तर धूळ आणि कबुतरांची विष्ठा पडते आणि सामू भलताच येतो.

पत्र्यावरून ओघळलेलं पाणी पाऊस म्हणून मोजू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून आम्लयुक्त पाणी वाहिलं की जस्त त्यात उतरतं. जुन्या पत्र्याच्या पन्हळीखाली ठेवलेल्या कुंडीत वर्षानुवर्षं जस्त साठत जातं आणि दोष लागतो कारखान्यांना.

जूनच्या पहिल्या सरीत हवेतली धूळ खाली येते. त्या धुळीत कॅल्शियम असतं, ते आम्ल मारतं, त्यामुळे पहिल्या सरीचा सामू अनेकदा ६-७ च्या घरात दिसतो. खरं चित्र जुलै-ऑगस्टमध्ये, हवा धुऊन निघाल्यावर कळतं. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर नमुने घ्या.

मापन त्याच दिवशी. कागदी पट्ट्या इथे कामाच्या नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की पट्टीवरचा रंगच निकाल बदलतो. सामूमापक आधी ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावावर) लावून घ्या, इलेक्ट्रोड धुवा, पाण्यात बुडवा आणि न ढवळता दोन-तीन मिनिटं थांबा. आकडा हळूहळू सरकत राहतो, तो स्थिर झाल्यावरच लिहा.

दुसरं काम : माती ओळखणं

नवी मुंबईत पायाखालची माती बहुधा तिथली नसतेच. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी बेसॉल्ट झिजून झालेली माती, खाडीकाठी खारजमिनीचा निळसर-काळा गाळ, सेक्टरांमध्ये भरावाचा मुरूम, आणि कुंड्यांमध्ये रोपवाटिकेतून गोणीत आलेली लाल माती. या चौघी आम्लाला चार तऱ्हेने वागतात, म्हणून कुठली आहे ते आधी लिहून ठेवा.

नमुना घेताना वाफ्यातल्या आठ-दहा जागी वरचा पालापाचोळा बाजूला सारून, इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूचा एक पातळ काप काढा. सगळे काप प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा, ढीग चपटा करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, लाकडी दांड्याने ढेकळं फोडा, दोन मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून चाळा. प्रयोगासाठी माती जास्त लागणार असेल तर त्याच खड्ड्यांतून बादलीभर वेगळी काढून ठेवा. जुन्या इमारतीच्या भिंतीला लागून असलेल्या पट्ट्याचा नमुना वेगळा ठेवा. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे रंग खरवडले गेले की त्याची पापडी नेमकी त्याच पट्ट्यात पडते.

२० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं आणि सामू बघायचा. दुसऱ्या वाटीत कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाकून कानाशी धरा. फसफसली तर मातीत कार्बोनेट आहे. खाडीच्या गाळात शिंपल्यांचे तुकडे असतील तर ती हमखास फसफसते, आणि अशा मातीला आम्लवर्षेचं भय फार कमी. लाल माती बहुधा गप्प राहते.

खाडीकाठच्या मातीत मात्र एक वेगळी गोष्ट घडते. तिथे मीठ असतं, आणि मिठातला क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवून त्याला पाण्यात विरघळलेलं ठेवतो. म्हणजे सामू चांगला असूनही कॅडमियम हलू शकतं. तिथे विद्युतवाहकता मोजायला विसरू नका, तिच्यावरून क्षार किती ते कळतं.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर जवळ ठेवा. त्यात सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त-लोह-तांबं-मँगनीज मिळतं. शिसं आणि कॅडमियम त्यात नसतं. जड धातूंची वेगळी तपासणी मागावी लागते आणि ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी. हातात धरायच्या टीडीएस मीटरने जड धातू कळतात असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते यंत्र फक्त एकूण क्षार सांगतं.

तपासणीचा कागद हाती आला की घाबरण्याआधी पायाखालचा खडक आठवा. बेसॉल्टमध्ये मुळातच दर किलोला सरासरी १७० मिलिग्रॅमच्या आसपास क्रोमियम, १३० निकेल आणि ८७ तांबं असतं. शिसं मात्र जेमतेम ६. युरोपात सांडपाण्याचा गाळ टाकायच्या शेतजमिनीसाठी निकेलची मर्यादा ३० ते ७५ आहे. आपल्याकडची अगदी स्वच्छ डोंगरमाती ती मर्यादा ओलांडू शकते. एकूण निकेल-क्रोमियम जास्त आलं म्हणून प्रदूषण झालं असं नाही. शिसं १०० आलं तर मात्र ते खडकातून आलेलं नाही, ते माणसाने आणलेलं आहे.

तिसरं काम : नळीचा प्रयोग

यासाठी ७५ मिलिमीटरचा प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप घ्या, आतला व्यास साधारण ७ सेंटिमीटर, ३५ सेंटिमीटर लांबीचे नऊ तुकडे. पाण्याच्या अशा पाईपमध्ये शिसं असलेलं स्थिरक (प्लॅस्टिक टिकवणारं द्रव्य) वापरायची आपल्याकडे रीत होती, त्याविरुद्धचे नियम २०२१ मध्ये आले. तांबं आणि जस्त अभ्यासायचं असेल तर हा पाईप चालतो. शिसं मोजायचं असेल तर एचडीपीई किंवा ॲक्रिलिकची नळी हवी, नाहीतर पाईपचंच शिसं मोजून बसाल.

पाईपचा आतला भाग खरखरीत पॉलिश पेपरने घासा. गुळगुळीत राहिला तर पाणी मातीतून न जाता कडेने सरळ खाली उतरतं आणि सगळा प्रयोग फुकट जातो. खाली एंड कॅप, तिला मधोमध छिद्र, छिद्रात प्लॅस्टिकची बारीक नळी. कॅपवर नायलॉनची जाळी आणि त्यावर दोन सेंटिमीटर धुतलेली रेती. रेतीवर व्हिनेगर टाकून बघा. खाडीच्या रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो, तो सगळं आम्ल शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये मारून टाकेल आणि तुम्हाला वाटेल मातीनेच मारलं.

माती एकूण २० सेंटिमीटर भरायची. खालचे १५ सेंटिमीटर तुमची चाळलेली माती, दर ५ सेंटिमीटरला साधारण २३० ग्रॅम, हलकेच ठोकून. वरच्या ५ सेंटिमीटरसाठीच्या २३० ग्रॅम मातीत धातू मिसळायचा. विद्यार्थ्यांनी कॅडमियम किंवा शिशाचे क्षार अजिबात हाताळू नयेत. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि झिंक सल्फेट शेतीच्या दुकानात मिळतात आणि तत्त्व तेच दाखवतात. ०.१८ ग्रॅम मोरचूद आणि ०.२२ ग्रॅम झिंक सल्फेट थोड्या पाण्यात विरघळवून या मातीत नीट कालवलं की दोन्ही धातू दर किलोला साधारण २०० मिलिग्रॅम होतात. ही माती ओलसर ठेवून दोन-तीन आठवडे पिशवीत मुरू द्या. लगेच वापरली तर धातू मातीला चिकटायच्या आधीच साध्या पाण्यानेही वाहून जाईल.

आता पाऊस बनवायचा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ०.१ नॉर्मल गंधकाम्ल आणि ०.१ नॉर्मल नत्राम्ल तयार घ्या, तीव्र आम्ल घरी आणू नका. दोन भाग गंधकाम्ल, एक भाग नत्राम्ल असं मिश्रण करा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये या मिश्रणाचा १ मिलिलिटर टाकला की सामू ४, आणि १० मिलिलिटर टाकले की सामू ३. हवेत उघडं ठेवलेलं नुसतं डिस्टिल्ड वॉटर साधारण ५.६ ला स्थिरावतं, तो आपला साधा पाऊस. आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

तीन प्रकारचा पाऊस, प्रत्येकी तीन नळ्या. एकाच पावसाच्या तिन्ही नळ्यांत एकसारखा निकाल आला तरच तो निकाल. सामू ३ चा पाऊस इथे पडतो म्हणून तो घेतलेला नाही. त्याच्या १,००० मिलिमीटरमध्ये एका चौरस मीटरला १ मोल आम्ल येतं, म्हणजे सामू ४ च्या चार पावसाळ्यांइतकं. काळ आखूड करायची ती युक्ती आहे, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायला हवं, कारण तीव्र आम्ल थोडा वेळ आणि सौम्य आम्ल पुष्कळ वेळ यांचा परिणाम हुबेहूब सारखा नसतो.

नळीचं क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १९० मिलिलिटर. मातीच्या तोंडावर फिल्टर पेपरची चकती ठेवा, नाहीतर थेंब पडून पडून मधोमध खळगा होतो. औषधांच्या दुकानात सलाईनचा संच मिळतो. तो उलट्या बाटलीला जोडून मिनिटाला तीसेक थेंबांवर लावला की १९० मिलिलिटर दोन तासांत जातात, म्हणजे ताशी २५ मिलिमीटरची आपल्याकडची नेहमीची जोरदार सर. रोज एकदा, २० दिवस. त्यात १,००० मिलिमीटर होतात, आणि नऊ नळ्यांना मिळून साधारण ३५ लिटर पाणी लागतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खाली काहीच येणार नाही, माती पाणी पिते. नंतर रोजचं झिरपलेलं पाणी मोजून घ्या आणि लगेच सामू व वाहकता टिपा. दर पाचव्या दिवशीच्या नमुन्यातून ५० मिलिलिटर ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिक बाटलीत भरा आणि शुद्ध नत्राम्लाचे काही थेंब टाकून सामू २ च्या खाली आणा. आम्ल न टाकता ठेवलं तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि कागदावर शून्य येतं. बाटल्यांवर नळीचा क्रमांक आणि दिवस पेन्सिलने लिहा.

जस्ताच्या बाबतीत फार जपावं लागतं. रबराचे बूच, पावडर लावलेले हातमोजे, त्वचेला लावायची कॅलामाइन, गॅल्वनाइज्ड जाळी, सगळीकडे जस्त असतं. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे वापरा आणि नुसती रेती भरलेली एक दहावी नळी चालवा. तिच्यातून आलेलं जस्त हे तुमच्या हातातलं, मातीतलं नाही.

निकाल कसा वाचायचा

सामू ३ च्या नळीतूनही सुरुवातीला खाली येणारं पाणी ६-७ सामूचं असेल, तर गोंधळून जाऊ नका. तुमची माती आम्ल पचवते आहे आणि त्या बदल्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम देते आहे. वाहकता वाढलेली दिसेल, ती त्याचीच खूण. हे भांडवल संपेपर्यंत धातू फारसे हलत नाहीत. संपलं की सामू घसरतो आणि मग मँगनीज, जस्त एकापाठोपाठ येऊ लागतात. २० दिवसांत काहीच घसरलं नाही, तर तोही निष्कर्षच आहे आणि चांगला आहे.

दिवसाचा धातू म्हणजे संहती गुणिले पाण्याचं आकारमान. समजा जस्त लिटरला ०.८ मिलिग्रॅम आणि पाणी १८० मिलिलिटर, तर त्या दिवशी ०.१४४ मिलिग्रॅम बाहेर आलं. तुम्ही घातलं होतं ४६ मिलिग्रॅम. टक्केवारीत मांडलं की वाचणाऱ्याला प्रमाण कळतं.

शेवटच्या दिवसानंतर नळी दोन दिवस निथळू द्या, माती दांड्याने हळूच बाहेर ढकला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ५-५ सेंटिमीटरच्या चार चकत्या करा. प्रत्येकीचा सामू आणि जस्त-तांबं तपासा. मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. खालच्या पाण्यात जस्त फारसं आलं नसलं तरी ते पहिल्या चकतीतून दुसऱ्या-तिसऱ्या चकतीत उतरलेलं असू शकतं, आणि भाजीची मुळं नेमकी तिथेच असतात. तांबं बहुधा वरच्याच चकतीत अडकलेलं मिळेल, कारण सेंद्रिय पदार्थ त्याला सोडत नाही. चकत्यांमधलं आणि पाण्यातलं मिळून बेरीज, मूळ मातीतला धातू वजा करून, घातलेल्याच्या ८० ते १२० टक्क्यांत बसली नाही तर आधी मोजमाप तपासा, निष्कर्ष नंतर काढा.

वापरलेली माती आणि उरलेलं पाणी नाल्यात किंवा वाफ्यात ओतायचं नाही. तांबं मासळीला फार विषारी असतं आणि आपले सगळे नाले शेवटी खाडीलाच मिळतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहे. महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यातच ते द्या.

वाफ्यात काय करायचं

मातीचा सामू ६.५ ते ७ दरम्यान ठेवता आला तर कॅडमियम, जस्त, निकेल, तांबं, शिसं हे सगळे बऱ्यापैकी जागेवर राहतात. किती चुनखडी लागेल ते अंदाजाने ठरवू नका. पाच डब्यांत ५०-५० ग्रॅम माती घ्या, त्यात अनुक्रमे ०, ०.०५, ०.१, ०.१५ आणि ०.२ ग्रॅम बारीक चुनखडी मिसळा, ओलसर ठेवा आणि दोन आठवड्यांनी सामू बघा. ०.१ ग्रॅमच्या डब्यात ६.५ मिळाला तर किलोला २ ग्रॅम, हे तुमच्या मातीचं प्रमाण. विरलेला चुना जपून वापरा, तो झटकन सामू ८ च्या वर नेतो. ७.५ च्या पुढे गेलात की पानं पिवळी पडायला लागतात, कारण लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं. अंड्याची टरफलंही चालतात, पण मिक्सरमधून पिठासारखी बारीक केलेली. हाताने चुरलेली टरफलं वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तांबं आणि शिसं धरून ठेवतं. शहरी कचऱ्यापासून केलेलं खत घेताना गोणीवरचं विश्लेषण वाचा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात शिसं किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ पेक्षा जास्त असता कामा नये. अमोनियम सल्फेट कुंडीत वापरूच नका.

पिकाची निवडही महत्त्वाची. कॅडमियम पानांत साठतं, त्यामुळे मातीची शंका असेल तिथे पालक-माठ-मेथीऐवजी भेंडी, दुधी, दोडका, वांगी, टोमॅटो लावा. पालेभाजीसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम आहे. भाजी तपासायला दिलीत तर अहवाल ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे विचारून घ्या. पालेभाजीत दोन्हींत दहापट फरक पडतो.

पानांवरचं शिसं बरंचसं मुळातून आलेलं नसतं, रस्त्याची धूळ बसलेली असते. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेला, रुळांलगत किंवा वर्दळीच्या चौकाजवळ वाफा असेल तर रस्त्याच्या बाजूला दाट कुंपण लावा, जमिनीवर पेंढ्याचं आच्छादन करा म्हणजे पावसाच्या थेंबाने उडालेली माती पानांवर बसत नाही, आणि भाजी भांड्यात बुडवून ठेवण्याऐवजी वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवा.

सामू वर्षातून दोनदा बघा. एकदा मेच्या शेवटी, एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर, दोन्ही वेळा त्याच जागांवरून आणि त्याच खोलीवरून. ऑक्टोबरचा आकडा मेपेक्षा ०.३ ने खाली आला असेल तर रब्बीची भाजी लावायच्या आधीच चुनखडी घाला, आणि पेरणीपूर्वी निदान दोन आठवडे माती ओलसर राहू द्या.